आजार कोंबडीचा की वस्तीचा?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गावापेक्षा वस्त्यांवर माणूस जास्त राहतो. चासकमानचे, कुकडीचे, खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचे पाणी आले, बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि घरे गावठाणातून उठून मळ्यात गेली. अशा कुठल्याही वस्तीवर दोन-चार गाई, एखादी शेळी आणि पाच-दहा गावरान कोंबड्या असतातच. दुधाचा पगार डेअरीतून घरधन्याच्या खात्यावर जमा होतो. अंड्यांचे पैसे मात्र घरच्या बाईच्या हातात येतात, आणि कोंबड्यांचे दुखणेखुपणेही तीच पाहते.

गाय आजारी पडली की डॉक्टरांना फोन जातो. कोंबडीसाठी फोन केला तर घरातलेच हसतात. त्या हसण्यामागे साधा हिशेब आहे. डॉक्टर खासगी असेल तर त्याची वस्तीवरची एक फेरी आणि दोन इंजेक्शने एवढ्यात कोंबडीची किंमत निघून जाते. रस्त्याकडेच्या लांबलचक पोल्ट्री शेडला कंपनीचा सुपरवायझर असतो, औषधाचा तक्ता असतो. खुराड्यातल्या सहा कोंबड्यांना त्यातले काही नसते. त्यामुळे परसातल्या कोंबडीचा उपचार बहुतेक वेळा घरीच होतो, आणि तो नीट व्हायचा तर औषध शोधण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. हे दुखणे या एका कोंबडीचे आहे की उद्या सगळ्या वस्तीचे होणार आहे? अडलेले अंडे, भरून राहिलेली गळ्याची पिशवी, पायाचे गळू ही एकटीची दुखणी. मानमोडी, देवी, बर्ड फ्लू ही वस्तीची. पहिल्या प्रकारात घरच्या माणसाला खूप काही करता येते. दुसऱ्या प्रकारात कोंबडीवर करण्यासारखे थोडे असते आणि शेजाऱ्यांसाठी करण्यासारखे पुष्कळ.

कोंबडी आपला आजार लपवते, ही यातली पहिली अडचण. कळपात दुबळी दिसली की इतर टोचतात, आणि वर घार किंवा बांधाला मुंगूस टपलेले असतेच. म्हणून शक्य होईल तोवर ती दाणे टिपल्यासारखे करत राहते. पिसे फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात उभी राहिलेली कोंबडी आपल्याला दिसते तेव्हा आजार एक-दोन दिवस जुना झालेला असतो. हे आधी ओळखायची वेळ म्हणजे सकाळी खुराडे उघडताना. निरोगी कोंबडी दार उघडताच बाहेर झेपावते. जी शेवटी येते, दोन दिवस शेवटी येते, तिला हातात घेऊन पाहावे.

हातात घेतल्यावर अंग गरम लागेल. त्यावरून ताप आहे असे समजू नये. कोंबडीचे नेहमीचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते, माणसाच्या हाताला ती कायमच तापलेली लागणार. या गैरसमजापोटी घरातली तापाची गोळी चुरून पाजण्याचे प्रकार होतात, ते बंद व्हायला हवेत. हाताने कळण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. छातीच्या मधोमध जे लांब हाड असते, त्याच्या दोन्ही बाजूंना मांस चाचपावे. हाड सुरीच्या पात्यासारखे टोचत असेल तर कोंबडी काल-परवाची नाही, कित्येक दिवसांची आजारी आहे. मग तुरा पाहावा. फिकट तुरा म्हणजे रक्त कमी, बहुधा जंत किंवा पिसवा. निळसर-जांभळा पडलेला तुरा म्हणजे श्वासाची किंवा रक्ताभिसरणाची गंभीर तक्रार. शेपटीखालची पिसे हगवणीने चिकटली आहेत का, नाकातून पाणी येते का, श्वास घेताना घरघर होते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दोन अवस्था आजारासारख्या दिसतात, पण आजार नसतात. खुडूक कोंबडी दिवसभर अंड्यांवर किंवा नुसत्याच रिकाम्या जागेवर बसून राहते, हात लावला की पिसे फुलवून गुरगुरते, खायला कमी उतरते. तिला अंडी द्यावीत किंवा हवेशीर, उजेडाच्या ठिकाणी काही दिवस ठेवावे, ती आपोआप वळते. तिला पाण्यात बुचकळण्याची किंवा नाकपुडीत पीस अडकवण्याची काही घरांतली रीत निव्वळ छळ आहे. दुसरी अवस्था पिसे झडण्याची. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे टाकते, त्या काळात अंडी बंद होतात आणि ती अगदी कळाहीन दिसते. पीस जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनते. तेव्हा या दिवसांत तिला पेंड, सुकट, डाळीची चुरी असे काही मिळाले तर पुरे.

आता खरोखर आजारी कोंबडी. तिच्यासाठी पहिले काम म्हणजे तिला वेगळी करणे. डालग्याखाली झाकायची तर डालगे खुराड्याशेजारी नको, घराच्या दुसऱ्या अंगाला हवे. तिचे पाण्याचे भांडे वेगळे, आणि दाणापाणी आधी चांगल्या कोंबड्यांचे, मग तिचे. उलट क्रमाने गेलो तर आपल्याच हातापायांनी आजार पोचवतो. एवढे करून मग बाकीच्यांकडे नजर टाकावी. आणखी कोणी मलूल आहे का? शेजारच्या वस्तीवर गेल्या आठवड्यात कोंबड्या मेल्या का? घरात नवी कोंबडी आली होती का?

या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ अशी आली तर सर्वांत आधी मानमोडीचा संशय घ्यावा. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कारण १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला तिची भारतातली नोंद झाली. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला तो रोग दिसला होता, म्हणून बाहेरच्या जगात त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. हिरवट पातळ हगवण, चोच उघडून धापा, पंख-पाय लुळे पडणे, आणि जगलीच तर मान पिळवटून आकाशाकडे किंवा पाठीकडे वळलेली. लस न टोचलेल्या खुराड्यात तो शिरला तर दोन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या जातात. रोग विषाणूचा आहे. त्यावर औषध नाही. लसणाच्या पाकळ्या, हळद, कांद्याचा रस यांनी कोंबडीचे नुकसान होत नाही, पण मानमोडी बरी होते असे सांगणारा एक तर फसलेला असतो किंवा त्याच्या कोंबडीला मानमोडी झालेलीच नसते.

या रोगाचा प्रवास पाहिला तर तो बव्हंशी माणसांबरोबरच होतो. जत्रेसाठी पाहुण्यांनी आणलेला कोंबडा, आठवडे बाजारातून घेतलेली तलंग, लेकीच्या घरून आलेली पिल्ले. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, बीड-नगरकडची ऊसतोड कुटुंबे या पट्ट्यात उतरतात, कोप्या उभ्या राहतात. त्या बैलगाड्यांबरोबर आणि ट्रॅक्टरांबरोबर त्यांच्या कोंबड्याही येतात, कारण सहा महिने त्या मागे कोणाच्या भरवशावर सोडायच्या? रोग त्यांनी आणला असे म्हणण्यात अर्थ नाही. तो वस्तीवरून कोपीवरही जातो आणि बिचाऱ्यांची असलेली चार पाखरे घेऊन जातो. दोन ठिकाणच्या कोंबड्या एकत्र आल्या की विषाणूला वाट मिळते, एवढेच. म्हणून नवी कोंबडी आणली की ती दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची. हा नियम पाळायला पैसा लागत नाही, आणि तरीही तो कोणीच पाळत नाही.

सगळ्यात घातक सवय मात्र दुसरीच आहे. एक-दोन कोंबड्या मेल्या की घरात घाई सुरू होते. “आहेत तोवर विकून टाका,” कोणीतरी म्हणतेच. उरलेल्या बाजारात जातात, नाही तर कापून भावकीत वाटल्या जातात, आणि पिसे-आतडी उकिरड्यावर पडतात. तिथून कुत्री आणि कावळे ती उरलेल्या वस्त्यांवर पोचवतात. बुडणारे पैसे वाचवण्याची धडपड समजते. पण त्या एका बाजाराच्या दिवशी रोग दहा गावांत वाटला जातो, आणि पुढच्या वर्षी तो कुणाच्या तरी नव्या तलंगीबरोबर परत आपल्याच दारात येतो.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या, तुरे सुजून निळे पडले, पायांवर लाल-जांभळे डाग दिसले तर मामला मानमोडीचा की बर्ड फ्लूचा हे डोळ्यांनी सांगता येत नाही, पशुवैद्यालाही नाही. भारतातला पहिला बर्ड फ्लू १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आढळला आणि त्याच महिन्यात आपल्या दौंड तालुक्यातल्या बोरीबेलपर्यंत पोचला. अशा वेळी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात, आणि निदान पक्के झाले की बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट केले जातात. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकार देते, आधीच मेलेल्यांची देत नाही. म्हणजे लवकर कळवण्यात मालकाचाच फायदा आहे, पण ही गोष्ट वस्त्यांवर फारशी पोचलेली नाही. कळवायचे पशुवैद्यकीय दवाखान्यात, किंवा १९६२ या क्रमांकावर. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलायची नाही आणि का मेली ते पाहायला घरी चिरायची तर मुळीच नाही.

समजा असे काही नाही. बाकीच्या पाचही जणी उकिरडा उकरत आहेत आणि एकच कोंबडी मलूल आहे. आता घरच्या शुश्रूषेला अर्थ आहे. त्यात औषधापेक्षा ऊब, पाणी आणि शांतता यांचा वाटा मोठा. आजारी पाखराची सगळी शक्ती अंग गरम ठेवण्यात जाते. खोके किंवा डालगे घेऊन तळाशी कोरडे गोणपाट घालावे. उसाचे पाचट नको, ते ओलसर असेल तर बुरशी धरते आणि ती बुरशी फुप्फुसात जाते. थंडीच्या दिवसांत एका बाजूला साठ वॅटचा पिवळा बल्ब लावावा, तोही असा की कोंबडीला गरम झाले तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. एप्रिल-मेमध्ये गोष्ट उलटी होते. दौंडकडे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याचे खुराडे भट्टी होते, आणि कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. ती मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते. पंख अंगापासून सोडून, चोच वासून बसलेल्या कोंबडीला सावलीत आणावे, पाय साध्या गार पाण्यात बुडवावेत, भोवती ओले गोणपाट लावावे. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये.

पाणी पाजताना सर्वाधिक चुका होतात, आणि त्या जिवावर बेततात. आपल्या घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये झाकण असते, पक्ष्यांना ते नसते. कोंबडीची चोच उघडून पाहिली तर जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचे तोंड उघडे दिसते. मान वर करून चमच्याने ओतलेले पाणी सरळ त्यात उतरते, आणि दुसऱ्या दिवशी कोंबडी ‘औषध देऊनही’ मरते. ड्रॉपरने किंवा बोटाने चोचीच्या कडेला थेंब लावावा, तिला तो गिळू द्यावा, मग पुढचा. जी स्वतः गिळत नाही तिच्या तोंडात काही घालू नये. धरतानाही तसेच. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो, छातीचे हाड वरखाली हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. पोराने तिला कवटाळून घट्ट दाबले तर दमलेली कोंबडी हातातच गुदमरते. तळहात खालून, पंख अलगद अंगाशी, बस.

पाण्यात लिटरला चमचाभर गूळ आणि अगदी चिमूटभर मीठ चालते. चिमूटभरच, कारण कोंबडीला मीठ सोसत नाही. खायला ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, भाकरी पाण्यात कुस्करून, उकडलेल्या अंड्याचा बलक. स्वतःचेच अंडे तिला खाऊ घालणे विचित्र वाटते, पण अशक्त पाखराला त्याहून पचायला सोपे दुसरे काही नाही. विक्रीच्या काट्यावर रोज सकाळी, खायच्या आधी, वजन करावे. नजरेला सुधारलेली वाटणारी कोंबडी काट्यावर घटताना दिसते, आणि काटा खरा असतो.

मग गळ्याची पिशवी. मानेच्या बुडाशी, थोडी उजवीकडे, दाणा साठवण्याची पिशवी असते. संध्याकाळी ती भरलेली आणि पहाटे रिकामी, हा निरोगीपणाचा नियम. पहाटेही ती कडक गोळ्यासारखी लागली तर आत लांब गवत, सुतळी, प्लास्टिकचा तुकडा अडकला असण्याची शक्यता असते. फुगलेल्या कणकेसारखी मऊ, फसफसणारी लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आतले अन्न आंबले आहे. पहिल्या प्रकारात थेंबभर तेल, थोडे पाणी आणि दिवसातून तीन-चारदा हलका मसाज यांनी गाठ सुटू शकते. दुसऱ्यात दाणा बंद ठेवून फक्त पाणी. कोंबडीला उलटी टांगून पिशवी रिकामी करायची युक्ती अनेकजण सांगतात. बाहेर येणारा द्रव त्या उघड्या श्वासनलिकेतच जातो हे पाणी पाजण्याबद्दल वर सांगितल्यानंतर वेगळे सांगायला नको.

विष्ठा वाचता येणे ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी विद्या आहे. कोंबडीला वेगळे मूत्र नसते. करड्या-तपकिरी विष्ठेवर जो पांढरा टोप दिसतो तेच तिचे मूत्र. दिवसातून काही वेळा ती तपकिरी, चिकट, फार दुर्गंधीची विष्ठा टाकते, तीही नेहमीचीच, आतड्याच्या आंधळ्या कप्प्यांतली. ती पाहून घाबरून औषध आणणारे पुष्कळ आहेत. हिरवी विष्ठा मानमोडीत दिसते, पण दोन दिवस उपाशी राहिलेल्या कोणत्याही कोंबडीतही दिसते, कारण अन्न नसले की पित्त तसेच उतरते. एवढ्यावरून निदान करू नये. महिना-दीड महिन्याच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर मात्र थांबू नये. ती रक्ती हगवण, कॉक्सीडिओसिस. ओल्या, घाण जमिनीत तिचे जंतू वाढतात, पावसाळ्यात खुराड्याचा तळ कोरडा राहिला नाही की पिल्ले पटापट जातात. यावर अँप्रोलियम नावाचे औषध पाण्यातून देतात, आणि ते वेळेवर दिले तर खरोखर काम करते. मात्रा दवाखान्यातून विचारून घ्यावी, त्याचे एक कारण पुढे येते.

अंडे अडणे हे एकटीच्या दुखण्यांमधले सगळ्यात नाट्यमय. कोंबडी वारंवार बसते-उठते, शेपटी खाली टाकते, ताठ उभी राहून कुंथते, अंडे येत नाही. अंड्याचे कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते. नुसत्या ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या कोंबडीला ते दाण्यातून मिळत नाही, ती स्वतःच्या हाडांतून काढते. पुढे हाडेही रिती होतात, पाय लटपटतात, आणि अंडे पुढे ढकलणारे स्नायू थकतात, कारण त्यांनाही कॅल्शियमच लागते. पहिलटकर तलंगीत आणि मोठी अंडी घालणाऱ्या संकरित कोंबड्यांत हे अधिक. तिला पोटापर्यंत बुडेल इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे, कोरडे करावे, गुदद्वाराभोवती खोबरेल लावावे आणि अंधाऱ्या उबदार जागी एकटी सोडावे. पुष्कळदा तासा-दोन तासांत अंडे बाहेर येते. पोट दाबून काढायला जाऊ नये. आत फुटलेल्या अंड्याचे धारदार कवच आणि त्यातून होणारा संसर्ग कोंबडीला मारतो. दिवसभरात सुटका झाली नाही तर दवाखाना. पुढच्या वेळेसाठी शिंपल्याचा भुगा वेगळ्या वाटीत ठेवावा. अंड्याची टरफले भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. बारीक कुटणे महत्त्वाचे, नाही तर कोंबड्या स्वतःची अंडी फोडायला शिकतात.

देवीचा रोग वस्तीचा असला तरी त्यात घरची काळजी कामी येते. पावसाळ्यानंतर डास वाढले की तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला मोहरीएवढ्या गाठी येतात, त्यांच्या खपल्या होतात. दोन ते चार आठवड्यांत त्या आपोआप गळतात. तोपर्यंत त्या खरवडायच्या नाहीत. खपलीत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. आयोडीन किंवा हळद-तेल लावायला हरकत नाही, त्याने जखम चिघळत नाही इतकेच. खरी काळजी डोळ्यांची. सुजून डोळे मिटले की कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती देवीने नाही तर भुकेने मरते. उकळून गार केलेल्या पाण्याच्या बोळ्याने डोळे पुसावेत आणि घास चोचीला लावावा. तोंडात, घशात पिवळट पापुद्रे आले असतील तर मात्र प्रकरण कठीण.

वाकडी मान दिसली की मानमोडी म्हणून कोंबडी टाकून देतात. त्याआधी एक जुनी हकिगत ऐकण्यासारखी आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्टियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरी या माणसांच्या रोगाचे जंतू शोधत होता. प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, त्या कलंडू लागल्या. मग एकाएकी सगळ्या बऱ्या झाल्या. शोध घेता कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा, पॉलिश केलेला भात घातला जात होता, आणि नव्या आचाऱ्याने साध्या कोंबड्यांना लष्कराचा भात द्यायचे नाकारले होते. कोंडा असलेला तांदूळ मिळताच त्या उभ्या राहिल्या. आज आपण ज्याला बी-१ जीवनसत्त्व म्हणतो त्याच्या शोधाची ही सुरुवात, आणि त्यासाठी आइकमानला १९२९ चे नोबेल मिळाले. त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने कोंबडीची मान मागे वळते, ती आकाशाकडे पाहत बसते, हुबेहूब मानमोडीसारखी. फरक असा की हगवण नसते, धाप नसते, बाकीच्या ठणठणीत असतात, आणि बी जीवनसत्त्वाचे औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत सुधारणा दिसते. रक्ती हगवणीवरचे अँप्रोलियम बी-१ ची वाट अडवूनच काम करते, म्हणून ते जास्त दिवस, जास्त मात्रेत दिले तर ही वाकडी मान आपणच ओढवून घेतो. मात्रा विचारून घ्या म्हटले ते यासाठी.

बुरशीचा दाणा ही आपल्याकडची आणखी एक जुनी खोड. भिजलेला मका, कुबट शेंगदाणा पेंड, माणसाने टाकलेली भाकरी, सगळे कोंबडीला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले तेव्हा दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीच्या विषाचा निघाला. त्याला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृत खाते आणि भाजून-शिजवून जात नाही. आपल्याला नको तो दाणा कोंबडीलाही नको.

औषधांबाबत दोन शब्द कडक बोलायला हवेत. घरात उरलेली माणसाची प्रतिजैविके, शेजारच्या शेडमधून मागून आणलेली पुडी, दुकानदाराने हातात ठेवलेली बाटली, यांपैकी काहीही मानमोडीवर किंवा देवीवर चालत नाही. जिथे चालते तिथेही अर्धवट दिलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात इतके सर्रास पडत होते की जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारला खाद्य-प्राण्यांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. शिवाय औषध अंड्यात उतरते. डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी ना विकायची, ना पोरांना द्यायची. पिसवा आणि उवांसाठी पिकावरची फवारणी कोंबडीच्या अंगाला लावणे तर त्याहून वाईट. गॅमेक्सिनच्या, म्हणजे बीएचसीच्या, पांढऱ्या पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे, तरी तिची आठवण वस्त्यांवर जिवंत आहे. कोंबडीला कोरडी माती आणि चुलीतली राख मिळाली की ती स्वतःच लोळून अर्धे काम करते. उरलेले खुराड्याच्या फटींत असते. लाल पिसवा दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतात, म्हणून रात्री बॅटरी लावून फटी पाहाव्यात आणि चुना फासावा.

मानमोडीवर औषध नसले तरी लस आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यात बनते, पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत. पिल्लू आठवड्याचे व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा किंवा एफ-१ चा थेंब, आठ-दहा आठवड्यांनी पंखाखाली आरटूबीचे इंजेक्शन, देवीची लस सहा-आठ आठवड्यांची झाल्यावर. अडचण बाटलीची आहे. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर ती बर्फात हवी. सहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? यावर एकच तोड आहे. दहा-बारा वस्त्यांनी दिवस ठरवायचा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगायचे, आणि त्या संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघर जाऊन थेंब टाकायचे. अंधारात कोंबडी धरायला सोपी असते. बचत गटाच्या बायकांनी मनावर घेतले तर हे एका संध्याकाळचे काम आहे. आफ्रिकेतल्या खेड्यांत ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता जास्त सोसणारी आय-२ ही लस अशीच डोळ्यात थेंब टाकून गावातली माणसेच देतात.

सगळे करूनही कोंबडी जाते, कधी आपल्यालाच तिची सुटका करावी लागते. दोन-तीन महिन्यांच्या तलंगीचा एक पाय पुढे आणि एक मागे ताठ झाला तर तो बहुधा मरेक्स असतो, आणि त्यातून ती उठत नाही. मेलेली कोंबडी चारीत, कालव्यात किंवा उसाच्या कडेला फेकायची नाही. या पट्ट्यात बिबट्याला आधीच आमिषे कमी नाहीत. विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा, वर चुना, त्यावर माती आणि दगड, नाही तर कुत्री उकरतात. डालगे उन्हात, हात साबणाने.

आणि बरी झाली तर तिला दिवसाढवळ्या कळपात सोडू नये. आठवडाभर दूर राहिलेल्या कोंबडीची जागा इतरांनी घेतलेली असते, आणि परक्या कोंबडीसारखे तिला टोचून रक्तबंबाळ करतात. आधी दोन-तीन दिवस डालगे बाकीच्यांना दिसेल असे अंगणात ठेवावे. मग एका रात्री, सगळ्या आडव्या दांडीवर डोळे मिटून बसल्या की तिला हळूच कडेला बसवावे. सकाळी थोडी चोचाचोची होतेच, तेव्हा दाणा दोन ठिकाणी टाकावा, म्हणजे तिला एका ठिकाणाहून हाकलले तरी दुसरीकडे खाता येते.